बुलेटचं काळीज

विश्वजित पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तो फक्त कुत्र्याचा पट्टा घ्यायला. राजारामपुरीत माझं प्राण्यांच्या खाण्याचं दुकान आहे. श्रावणातली रिपरिप चाललेली, आणि हा पावणा दारातच उभा... ओल्या चपलांनी फरशी खराब होईल म्हणून!

“या की आत! फरशी काय सोन्याची हाय?”

तो हसला... आणि माझा कारभार तिथंच आटोपला.

शेजारी त्याचा कुत्रा, बुलेट. तांबूस, रुंद छातीचा, गडमुडशिंगीच्या गोठ्यात वाढलेला.

“काय खातो?” मी विचारलं.

“ज्वारीची भाकरी, दूध. आई थापती त्यातली पहिली ह्याचीच.”

“भाकरी? अहो, धान्य कुत्र्याला बाधतं! हे न्या, बिनधान्याचं. चिकन, वाटाणा, मसूर.”

कंपनीच्या माणसानं शिकवलेलं मी पोपटासारखं बोलले. खरं सांगू? तो अजून दोन मिनिटं थांबावा, एवढंच मला हवं होतं.

“तुमी म्हणताय म्हंजे बरोबरच असणार की,” तो म्हणाला.

पुढं वर्षभर तो दर शनिवारी आला. महिनाभर पुरणारी मोठी पिशवी सोडून आठवड्याची छोटी न्यायचा.

“मोठी न्या की, हेलपाटा वाचंल.”

“घरात जागा न्हाय.”

एवढा मोठा गोठा, आणि घरात जागा नाही! मी हसू दाबायची. शनिवार उजाडला की केस दोनदा विंचरायची.

मग एका शनिवारी तो एकटाच आला. तोंड उतरलेलं.

“संयोगिता...” पहिल्यांदाच नावानं हाक मारली, तीही अशी. “बुलेट बांधावर चक्कर येऊन पडला. डॉक्टरनी छातीची सोनोग्राफी केली. काळीज मोठं झालंय, ठोकं कमजोर हायत. काय खातोय इचारलं. मी पिशवी दाखवली.”

“आणि?”

“म्हणालं, पक्कं सिद्ध झालेलं न्हाय, पण असल्या खाण्यावरच्या काही कुत्र्यांत हे दिसलंय. आजपास्नं बंद. गोळ्या चालू. तीन महिन्यांनी परत तपासणी.”

“माझ्यामुळं झालं हे. शिव्या घाला मला...”

तो मान खाली घालून निघून गेला.

त्याच दिवशी मी त्या सगळ्या पिशव्या फळीवरनं उतरवल्या. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, आधी डॉक्टरला विचारा. पण त्यानं माझ्या जिवाला स्वस्थता कुठली?

शनिवार यायचे, तो यायचा नाही. फोन करावा, तर कुठल्या तोंडानं? दारात गाडी थांबली की मी धडपडत उठायची... आणि दुसराच कुणीतरी मांजराची वाळू मागायचा. अस्सा राग यायचा त्या मांजराचा! वाटायचं, बुलेट गेला असणार. वाटायचं, हा मला जन्मात माफ करणार नाही. आणि तरी त्याच्याच हसण्याची आठवण यायची. लाज वाटायची स्वतःची.

थंडीतल्या एका सोमवारी मी दाराकडं पाठ करून डबे लावत होते. मागनं ओलं नाक हाताला लागलं. वळले, तर बुलेट! आणि त्याच्यामागं तो.

“ठोकं सुधारल्यात,” तो म्हणाला. “गोळ्या अजून चालू ठेवायच्यात. पण डॉक्टर म्हणालं, आता घोर न्हाय.”

मी तिथंच फरशीवर बसले आणि बुलेटच्या गळ्यात पडून रडले.

“मला वाटलं, तुमी माझं तोंड बी बघणार न्हाय...”

“तुमचं?” तो खाली बघत म्हणाला. “ते खाणं बुलेटला पहिल्यापास्नं आवडत न्हवतं. भाकरीच्या बुट्टीपाशी जाऊन बसायचा. आई म्हणायची, घाल की चतकोर. मी घातली न्हाय. भाकरीनं पोट भरलं असतं, तर पिशवी संपली नसती. आणि पिशवी संपली न्हाय, तर मी हितं कशाला येणार?”

मी बुलेटला आणखी जवळ ओढलं.

“म्हणून ठरवलंतं, ह्यो बरा होईस्तोवर तुमच्या दुकानाची पायरी चढायची न्हाय.” त्यानं वर बघितलं. “लई अवघड गेलं, संयोगिता.”

“मग आज... काय देऊ?” मी उठत विचारलं.

“काय नको. आज नुसता आलोय.”

“किती वेळ?”

“तुमी हाकलंपतूर.”

मी डोळे पुसले. “मग बसा की निवांत. मी काय हाकलत न्हाय.”