पियानोवालीची डावी टाच

फौजदारबाईंना जाग आली ती वादळाने. वादळ पियानोवरचं होतं, पण गाढ झोपलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो? शेजारच्या खुर्चीतल्या थोरल्या बहिणीने त्यांना शब्द दिला होता की शेवटची रचना अगदी हळुवार आहे, तान्हं मूल झोपेल अशी. त्या भरवशावर बाईंनी डोळे मिटले, तर इथे कुणीतरी भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलून दिल्यासारखा गडगडाट.

"आजच बदललीय म्हणे," बहीण कुजबुजली. "आता झोपून दाखव."

वादळ शमलं. वाजवणारी उठून उभी राहिली, प्रेक्षकांपुढे लवली आणि लवता लवता थबकली. डाव्या पांढऱ्या बुटाच्या काठावरून लाल ओघळ रंगमंचाच्या लाकडावर उतरला. तिने दात आवळून अभिवादन पुरं केलं, मगच खाली बसली. मागच्या रांगांतले लोक अजून टाळ्या पिटतच होते.

या मुलीला सगळे पियानोवाली म्हणत, पण एका कातडीत तिघीजणी नांदत होत्या. सकाळी पियानो, संध्याकाळी कराटे, आणि मधल्या वेळात घड्याळं-अंगठ्यांच्या जाहिरातींसाठी फोटो. तिचे हात शहरातल्या भिंतीभिंतींवर होते. कराटेच्या वर्गात अनवाणी वावरायची सवय तिने रंगमंचावरही आणली होती. बूट आधीच बाकाखाली ठेवलेले असत. ती अनवाणी चालत यायची, बसायची आणि बसल्या बसल्याच ते चढवायची. लोक त्यालाही टाळ्या द्यायचे. कौतुकाला काय, निमित्त पुरतं.

प्रेक्षकांतल्या एका डॉक्टरने टाचेतून काचेची टोकदार कपची काढली. जखम खोल होती. टाके घालावे लागतील, महिनाभर पाय टेकायचा नाही, असं त्याने बजावलं.

"उद्या निवड आहे," ती म्हणाली. देशाच्या संघाची अखेरची लढत. "पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही."

फौजदारबाईंनी बूट उलटापालटा करून पाहिला. आतल्या अस्तराखाली, टाचेच्या जागी, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी होती. काच चुकून पडलेली नव्हती. कुणीतरी ती उभी बसवली होती.

बाकाखाली ठेवले जाईपर्यंत बूट सकाळपासून रंगमंचामागे उघड्या खोक्यात होते आणि तिथे तिघंच फिरकले होते. बाईंनी एकेकाला मेकअपच्या खोलीत बोलावलं.

पहिली कपडेवाली. जाहिरातींसाठी पियानोवालीला सजवायची ती, बूटही तिनेच आणलेले, आणि तसली पट्टी तिच्या पिशवीत भेंडोळीच्या भेंडोळी. कराटेवर तिचा राग होता हे ती लपवेना. ठोसे मारून मारून पोरीच्या बोटांची हाडं टणक झालीत, अंगठी उठून दिसत नाही, असं तिचं गाऱ्हाणं.

"म्हणून पाय फाडलात?"

"ताई, तिला लढण्यापासून अडवायचं असतं तर मी तिला रडून अडवलं असतं. मला रडायला मस्त जमतं."

दुसरी, कराटेवाले जिला हातोडी म्हणत ती. उद्याच्या लढतीत समोर हीच होती. आता न लढताच संघात जाणार. आजवर एकाही मैफलीला न आलेली ही बया आजच पहिल्या रांगेत कशी?

"ती पियानोपुढे कशी बसते ते बघायला आले," हातोडी म्हणाली. "लढताना ती कधी घाबरत नाही. इथे तरी घाबरते का, बघावं म्हटलं."

"घाबरली?"

"नाही." हातोडी जायला उठली. मग म्हणाली, "बाई, तिला हरवून जायचं होतं मला. आता जन्मभर लोक म्हणतील, वाट मोकळी मिळाली."

तिसरे मास्तर, पियानोवालीचे वडील. बायको गेल्यावर एकट्याने लेकीला वाढवलं, स्वतःच पियानो शिकवला. आजही स्वरलिपीची पानं उलटायला तेच तिच्या डाव्या हाताशी बसत. चेहरा पार उतरलेला. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सहज विचारलं की शेवटची रचना का बदलली. माझी झोपमोड झाली हो, असंही सांगितलं.

"डावं पेडल करकरतं इथलं," मास्तर म्हणाले. "हळुवार रचनेत सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं असतं."

बाई उठल्या, रंगमंचावर गेल्या, पियानोपुढे बसल्या. डावं पेडल दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. खाली टाच टेकवून सावकाश दाबलं, मग रागाने दाबलं. पेडल हूं की चूं करेना.

मग त्यांनी सगळ्यांना पियानोवालीभोवती बसवलं.

"काच डाव्याच बुटात का?" त्यांनी विचारलं. "पियानोचा सारा भार उजव्या पायावर. वाजवताना डावा पाय मागे, टाच अधांतरी. म्हणजे उभी राहीपर्यंत काच टोचणार नव्हती. ज्या कुणी हे केलं, त्याला मैफल पुरी व्हायला हवी होती. हातोडीला मैफलीचं काय सोयरसुतक? कपडेवालीला कुठला पाय कधी लागतो हे ठाऊक नाही."

मास्तर जमिनीकडे बघत होते.

"पण एक अडचण होती. हळुवार रचनेला डावं पेडल लागतं, आवाज मऊ करायला. ते दाबायचं तर टाच जमिनीवर रोवावी लागते. काच मधेच घुसली असती. म्हणून ती रचनाच काढली. ती कोण काढू शकतं? मास्तर, मी ते पेडल आत्ता दाबून आले. ते करकरत नाही."



"संघात गेली असती तर वर्षभर शिबिर," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "वर्षभर पियानो बंद म्हणजे संपलाच. आणि मी त्या घरात कुणाची पानं उलटू? मला वाटलं नुसतं टोचेल. इतकं खोल जाईल असं... बाळा, एकच लढत तर चुकली असती."

"एकच होती, बाबा."

ती हे इतक्या हळू म्हणाली की कपडेवालीने तोंड फिरवलं.

तक्रार करायची की घरातच मिटवायचं, बाईंनी विचारलं. मिटवलेलं बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फौजदार झाल्या तरी त्याही कुणाच्या तरी लेक होत्या.  मास्तरांनी पियानोवालीच्या खांद्याकडे हात नेला. तिने तो धरला, अलगद उचलला आणि त्यांच्याच मांडीवर परत ठेवला.

"लिहून घ्या, बाई," ती म्हणाली. "आणि आरोपीचं नातं विचारतात ना, तिथे वडील असंच लिहा. ते मी बदलणार नाही."