कमानीची वीट

अच्युत विजयकर परळच्या एका खासगी प्रयोगशाळेत विटांची ताकद तपासत. गिरणीच्या बॉयलरमध्ये आगीवर कमान असते ना, तिच्या या विटा. नियम साधा होता: वीट आधी भट्टीत लाल करायची, मग तिथंच यंत्राखाली दाबायची. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात भट्टी पेटलीच नव्हती, गिरणीला घाई होती, आणि अच्युतरावांनी ती खेप थंडच दाबून पास केली.

पुढे थोड्याच दिवसांत कमान कोसळली. खाली कोळसा टाकणारा गुणाजी फायरमन होता. तो जागीच गेला.

"त्यानंच आच जास्त ठेवली," असं गिरणीवाले म्हणू लागले. पडलेल्या कमानीतली एक शाबूत वीट फेरतपासणीला आली. ती टिकली, की दोष गुणाजीचा. दोष कुणाचा, हे अच्युतरावांना ठाऊक होतं. तरी वीट टिकावी असंच आतून वाटत होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

भर दुपारी त्यांनी वीट भट्टीत दोन आधारांवर आडवी ठेवली, भट्टी लाल केली आणि वरून दाब द्यायला सुरुवात केली. काटा चढत गेला. एवढ्या दाबाला चांगली वीटसुद्धा वाकते. ही तसूभर हलली नाही. काटा शेवटच्या आकड्याला टेकला.

तेव्हा आतून आवाज आला. धापा टाकल्याचा. जड ओझं पेलून धरलेल्या माणसासारखा.

मदतनीस लवू मागे सरला. "साहेब, आत कोण हाय?"

अच्युतरावांनी भट्टीच्या काचेला डोळा लावला. विटेखाली काही नव्हतं. वीट मात्र मधोमध किंचित वर उचललेली होती.

आता 'पास' लिहून सही करायची आणि ठाकूरद्वारला घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

आतली धाप घोगरी झाली.

"गुणाजी," ते पुटपुटले, "सोड. चूक माझी आहे. सोड आता."

वीट मोडून पडली.

अहवालात त्यांनी 'नापास' लिहिलं, खाली आपली चूकही लिहिली, आणि तसेच वरळीला बीडीडी चाळीत गेले. दार गुणाजीच्या बायकोनं, जाईबाईनं उघडलं.

"बाई, तुमच्या मालकांची काही चूक नव्हती. मीच..."

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. दमून आलेत. आत्ताच डोळा लागलाय."

मोरीतलं पाणी कोळशानं काळं झालं होतं. भिंतीपाशी चटई अंथरली होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

उशीला खळगा पडला होता. अच्युतरावांच्या देखत, कूस बदलावी तसा, तो सावकाश भिंतीकडे सरकला.