अकरा रंग आणि प्लास्टिकचा तुकडा

पुढच्या भिंतीवर रंगाचे अकरा चौकोन होते. सात आण्णांनी निवडलेले, चार आईने. प्रत्येक साधारण एक फूट बाय एक फूट. सातपैकी पाच डाळिंबी छटांचे, दोन केशरी. आईचे चारही पिवळे.

आणि या सगळ्यांच्या उजवीकडे, कमरेच्या उंचीवर, पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद केलेला. त्याच्याखाली पेन्सिलने लिहिलं होतं: शनिवार, सकाळी ९.१०.

मी शिरूरला रूमवर राहते, रांजणगावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते आणि शनिवारी दुपारी खुटबावला घरी येते. आमच्या नव्या घराच्या भिंतीवर कुणीतरी वेळ लिहून ठेवली होती! लॅबमध्ये आमच्या शिकाऊ मुलांना हे दहादा सांगावं लागतं.

मी प्लास्टिकच्या अगदी जवळ नाक नेलं.

"फाडू नका, मॅडम. चोवीस तास व्हायचेत."

मागे एक उंच मुलगा उभा होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल.

"सहा तास पन्नास मिनिटं झालीत," मी घड्याळ बघून म्हणाले. "आतून थेंब दिसायला लागलेत. तुम्ही लावलंत हे?"

"व्हय. सुदर्शन. इनामगावचा. रंगाचं काम घेतो." तो जरा थांबला. "आणि तुम्ही समृद्धी. आण्णा सकाळपासून सांगतायत, पोरगी केमिस्ट्रीची एम. एस्सी. हाय म्हणून."

"अजून काय सांगितलं?"

"की तुम्हाला सगळ्यात खोट दिसते."

"यात नाही दिसली," मी म्हणाले... आणि उगाच ओढणी सारखी केली.

भिंतीतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि प्लास्टिकखाली अडकतं, एवढंच त्याचं शास्त्र. बाहेरचं प्लास्टर होऊन दहाच दिवस झाले होते, आणि आण्णा त्यावर परवापर्यंत रोज दोन वेळा बोअरचं पाणी मारत होते. पण वास्तुशांत पुढच्या शुक्रवारी होती. अडचण त्याहूनही मोठी होती. पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि पत्रिकेवर आमच्या घराचा फोटो होता. डाळिंबी रंगाचा. यवतच्या फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर घर रंगवून दिलं होतं. त्याचाच बारा फुटी फ्लेक्स चौकात लागला होता, खाली नऊ चुलत्यांचे चेहरे. सगळ्या गावाने आमचा रंग पाहिला होता. नव्हता पाहिला तो फक्त भिंतीने.

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिघं भिंतीसमोर होतो. प्लास्टिकखाली पाणी ओघळत होतं.

"बाहेरून मी रंग लावणार न्हाई, आण्णा," सुदर्शन शांतपणे म्हणाला. "महिनाभर तरी."

"आरं पण पत्रिकेवर छापलंय!"

"पत्रिका कोरडी हाय. भिंत न्हाई."

मला हसू आलं, मी खाली बघितलं. आण्णांना आलं नाही.

"कासुर्डीचा पेंटर तीन दिवसांत करून देतो म्हणतोय. त्याला बोलवू?"

"बोलवा," सुदर्शन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज तसाच होता. "पावसाळ्यात पापुद्रे निघाले की लोक विचारतील, कुणी केलं. त्यात माझं नाव नको."

तो डबे उचलायला वळला. त्या क्षणी मला एक गोष्ट स्वच्छ कळली. हा गेला तर मला फक्त भिंतीसाठी वाईट वाटणार नव्हतं.

"आण्णा, तो बरोबर सांगतोय," मी म्हणाले.

"तू त्याच्या बाजूनं बोलतीस?"

"मी पाण्याच्या बाजूनं बोलते. बोट लावून बघा."

आण्णांनी चिकटपट्टी ओढली. भिंतीवर तळवा ठेवला, मग तोच गालाला लावला, जसा लहानपणी माझा ताप बघायचे.

"मग शुक्रवारी काय दावायचं लोकांना?"

"आतला हॉल," सुदर्शन म्हणाला. "त्याला अडीच महिने झालेत. तिथंबी प्लास्टिक लावलं हुतं. एक थेंब न्हाई."

हॉलचा रंग आईने निवडला. तिला शेवंतीच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा रंग हवा होता, बाहेरचा नव्हे. तिने मळ्यातून फूल आणून सुदर्शनच्या हातात दिलं. तो पांढऱ्या रंगात पिवळा थेंब थेंब टाकत राहिला.

"किती टाकले?" मी विचारलं.

"अंदाजानं टाकतो."

"मोजा."

"तुम्ही मोजा. मी टाकतो."

एकोणीस थेंबांवर फूल आणि रंग यांतला फरक मला दिसेनासा झाला. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "मला दिसतोय," आणि अजून एक टाकला. त्याचं बरोबर होतं... मला थोडा रागच आला.

आण्णांना चकचकीत फिनिश हवं होतं. सुदर्शनने मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा धरला. गवंड्याच्या थापीचा प्रत्येक उंचवटा सावलीसकट उभा राहिला.

"चमक लावली की हे सगळं दिसंल."

"मॅटच लाव बाबा," आण्णा म्हणाले.

शुक्रवारी पाहुणे आले. सर्जेरावमामांनी फाटकातूनच टोमणा मारला, "दाजी, पत्रिकेतलं घर कुठं हाय?"

आण्णांनी फेटा नीट केला. त्यांनी मामांना भिंतीपाशी नेलं, नव्या प्लास्टिकच्या आतले थेंब दाखवले, खाली पेन्सिलने लिहिलेली वेळ वाचून दाखवली. मग प्रत्येक पाहुण्याला तेच. आठव्या पाहुण्यापर्यंत आण्णा स्वतः रंगकाम शिकवायला लागले होते. "आमच्या पोरीनं आन् ह्या पोरानं रंग थांबिवला," ते छाती काढून सांगत होते. "पैल्या पावसात उडणारा रंग आमच्या घराला न्हाई."

आईने 'आमच्या पोरीनं आन् ह्या पोरानं' हे शब्द चांगलेच ऐकले.

दीड महिन्याने बाहेरचा डाळिंबी पूर्ण झाला. शेवटच्या दिवशी सुदर्शन ब्रश धूत म्हणाला, "इनामगावला माझ्याबी भिंती हायत... प्लास्टर करून चार वर्षं झाली. रंग न्हाई दिला."

"का?"

"लोकांचे रंग मला पटकन कळतात. माझा एकट्यानं ठरंना."

मी हे आईला सांगितलं. आणि पुढच्या रविवारी आण्णा, आई आणि मी इनामगावला घर बघायला गेलो.

मोठी माणसं ओसरीवर चहा घेत होती. मी पर्समधून मोजपट्टी काढली आणि तिचं टोक सुदर्शनच्या हातात दिलं. तो भिंतीला टेकला, मी समोरच्या.

"बारा फूट चार इंच," मी वाचलं.

"मग... कुठला रंग द्यायचा?"

"असं लगेच नाही सांगता येत. सकाळचा उजेड बघावा लागेल, संध्याकाळचा बघावा लागेल. उन्हाळा, पावसाळा... इथं राहूनच ठरवावं लागेल."

त्याने टोक सोडलं नाही. ते हातात धरूनच तो माझ्याकडे चालत आला. पट्टी माझ्या हातातल्या डबीत सरसर आत जात राहिली. तो थांबला तेव्हा मी अंगठ्याने लॉक दाबलं आणि आकडा पाहिला.

नऊ इंच.