विहिणीची अंगठी

हे कुणाला पटायचं नाही, पण नौरिझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, जत्रेत ओराझालीनं चोर पकडला तो कढईतली लापशी निवायच्या आत.

"अता, धावा! अंगठी गेली!" चांदीकाम करणारा कुआनिश आपल्या मांडवातून ओरडला.

म्हातारा ओराझाली निवृत्त फौजदार; सगळं गाव त्याला अता, म्हणजे आजोबा म्हणे. गावात त्याची ख्याती मात्र चोरांपेक्षा थापांबद्दल जास्त.

"कुठली अंगठी?"

"रायखानबाईंनी विहिणीसाठी घडवून घेतलेली. दोन बोटांची."

वर चांदीची एकच पट्टी, खाली दोन वळी. दोन घरं जोडणारी. लेकीला सासरी मायेनं वागवलं, म्हणून मुलीची आई ती चार लोकांत विहिणीच्या बोटांत घालते. आज जेवणं झाली की रायखान ती आपल्या विहिणीच्या, झैनेपच्या बोटांत घालणार होती.

"आणखी काय गेलं?"

"काहीच नाही. शेजारचा पिरोजांचा हार तसाच. अंगठीची थैलीसुद्धा इथंच. नाडी बांधून ठेवलीय, बघा."

"मोठा टापटिपीचा चोर! कोण कोण आलं होतं?"

"रायखानबाई अंगठी बघून गेल्या. मग त्यांची लेक मारझान आली. कडी बघत होती. सगळ्यांत रुंद कडं मागितलं."

"घालून पाहिलं?"

"बाहीवरूनच! म्हटलं, अगं, बाही सार की, मी काय कापडाला दागिने विकतो? तर हातच मागे घेतला. म्हणाली, याहून रुंद दाखवा. ते काढायला मी पेटीत वाकलो."

ओराझाली हसला नाही.

तेवढ्यात रायखान धापा टाकत आली. "अता, माझी अब्रू आहे हो त्या अंगठीत!"

"लेक सुखात आहे ना?"

"लोण्यात आहे! फोनवर स्वतः सांगते. झैनेपबाई शेजारीच बसलेल्या असतात, त्यांना विचारा हवं तर!"

ओराझाली मांडवामागे गेला. मारझान तिथं एकटीच उभी होती.

"दे, पोरी."

"काय?"

"चोराला चांदी नको होती, हार सोडला. नाडी बांधली, म्हणजे रिकामी थैली लवकर कळू नये. कडं रुंद हवं, कारण मनगटावर झाकण्यासारखं काहीतरी आहे. आणि फोनवर तू सुखात असतेस, कारण सासू शेजारी असते."

तिनं बाही सारली. मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ. मग कोटाच्या खिशातून अंगठी काढली.

"आईनं ही त्यांच्या बोटांत घातली की झालं, अता. लेक सुखात आहे, असं गावासमोर तीच सांगणार. मग मी माहेरी कुठल्या तोंडानं येऊ?"

"आईला सांग."

"कोसळेल ती. तुम्ही सांगणार?"

"मी? मी जन्मात कधी खरं सांगितलंय?"

मग तो जत्रेच्या मधोमध उभा राहिला. "मंडळी, चोर सापडला! जत्रेत आलेल्या शिकाऱ्याचा पाळीव गरुड! चांदी चमकली, यानं झडप घातली, गिळली नि गेला डोंगरापार. आता अंडं घालेल ते चांदीचंच!"

जत्रा खदखदून हसली. रायखान डोकं धरून मटकन बसली.

झैनेपनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, विहीणबाई. दुसरी घडवा. घाई कसली? आमची सून कुठं पळून जातेय!"

"घडवते," रायखान डोळे पुसत म्हणाली. "कुआनिश, आजच भट्टी पेटव रे बाबा."

"खोटं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मारझान बाही सारत पुढे आली.

"गरुड त्या काठीवरच बसलाय, आई. डोळ्यांवर टोपी आहे त्याच्या. अंगठी मी नेली."