मुक्काम चालू

आश्लेषाचं कामच ते. वाशीतल्या एका ऑफिसात बसून ती कंपन्यांच्या गिऱ्हाइकांची माहिती जुन्या संगणकातून उचलून नव्या सिस्टीममध्ये नेऊन ठेवायची. "हे घर हलवण्यासारखं आहे," असं ती प्रत्येकाला समजावायची. "टेम्पो दारात यायच्या आधी माळा झाडून घ्या. आणि नव्या घरात सामान लागेपर्यंत जुन्या घराची चावी सोडू नका." ऐकणारे माना डोलवायचे आणि माळा न झाडताच टेम्पो बोलवायचे.

या खेपेला गिऱ्हाईक घरचंच होतं. हरिहरेश्वरला अनुसूयाकाकूची नारळी-पोफळीची वाडी, तिच्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि घरगुती जेवण. तात्याकाका होते तोवर कशाची ददात नव्हती. ते शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, त्यांनी उतारवयात संगणक घेतला आणि आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याची नोंद त्यात करून ठेवली. ते वारले आणि सगळा कारभार काकूच्या डोक्यात राहायला आला. डोकं तल्लखच, पण गेल्या दिवाळीत तिने एकच खोली दोन कुटुंबांना देऊन टाकली. अंगणात व्हायचा तो तमाशा झाला. पनवेलहून कुशल, म्हणजे काकूचा मुलगा, धावत आला आणि बजावून गेला, "आई, पुढची दिवाळी धड निघाली नाही तर घराला कुलूप. तू माझ्याकडे फ्लॅटवर यायचंस."

काकूला फ्लॅटची धास्ती होती. "खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसते गो," ती म्हणायची. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या आश्लेषाने काकूच्या पदराला हात पुसत काढल्या होत्या. तिने रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन आली.

वेळही तिने विचार करून निवडली होती. माहिती हलवायची ती मंदीच्या दिवसांत, हा तिचा नियम. पितृपंधरवड्यात सहलीला कोणी निघत नाही. चारही खोल्या मोकळ्या होत्या, समुद्र अजून गढूळ होता आणि वाडीत पडलेल्या झावळ्या ओढणारी सगुणा सोडली तर माणूस दिसत नव्हतं.

दोघी ओटीवर बसल्या. आश्लेषा नाव वाचायची, काकू निवाडा द्यायची. "नागोठण्याचे देवव्रत आणि नागोठणेकर मास्तर एकच हो. एक ठेव." "हे कोण?" "ते होय! कढी सांडणारे. ठेव, ठेव." "मिरजेच्या मधुवंतीबाई?" "त्या गेल्या गो बिचाऱ्या. गोड गळा होता. पण पुसू नकोस."

तात्यांची मांडणी मास्तरांना शोभेल अशी होती. नाव, गाव, फोन, खोली, आल्याची तारीख, चहा कसा लागतो. पहिली नोंद त्यांनी स्वतःचीच केली होती, संगणक नीट चालतो का ते बघायला. फक्त एक रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. गेल्याची तारीख.

"काकू, हे का नाही भरलं?"

"कसं भरायचं? निघताना माणूस 'येतो' म्हणतं. आपण 'या' म्हणतो. आणि त्याची पाठ वळली की 'गेले' असं लिहायचं? ह्यांना नाही पटलं ते कधी."

आश्लेषा खळखळून हसली. हे फक्त तिच्या घरातच होऊ शकतं, असं तिला वाटलं, आणि तात्यांच्या आठवणीने डोळेही भरून आले. जी माहिती नाही ती मनाने भरायची नाही, हाही तिचा नियमच. तिने आधी मोजक्या नोंदी हलवून पाहिल्या, नाव नावाच्या जागी आणि गाव गावाच्या जागी बसलं, मग सगळंच हलवलं. कोरा रकाना कोराच गेला.

नव्या सिस्टीमची समज मात्र साधी होती. गेल्याची तारीख नाही, म्हणजे माणूस गेलेला नाही. पडद्यावर प्रत्येक नावापुढे हिरवी अक्षरं उमटली, मुक्काम चालू. चारही खोल्या भरलेल्या.

"बघ, घर भरलं!" काकूने टाळी वाजवली. तिच्या आनंदाकडे बघून आश्लेषाने ते दुरुस्त करायचं काम उद्यावर टाकलं. वर सरावासाठी काकूकडून एक नवी नोंदही करून घेतली. काकूने एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, आश्लेषा, माजघर.

"मी निघाले की माझी तारीख तूच घाल. तेवढाच सराव."

"घालीन हो."

सकाळी सगुणा कमरेवर हात ठेवून उभी. "वयनी, टाकी कोरडी पडली हाय. काल तुमच्यासमोर भरली व्हती ना?"

"नळ गळत असेल," आश्लेषा म्हणाली. ती नळ बघून आली. नळ गळत नव्हता. न्हाणीघराची फरशी ओली होती आणि भिंतीला ऊन पाण्याची वाफ धरली होती.

पायरीवर वाळू होती, समुद्रावरून आलेल्या पायांना चिकटून येते तशी. वाऱ्याने आली असेल. पहिल्या खोलीतली चादर चुरगळलेली होती. सगुणा काल दुपारची पडली असेल. दांडीवर वाळत घातलेला टॉवेल कोणाचा, हे मात्र तिने विचारलं नाही. सोलकढीचं पातेलं जेवणाआधीच तळाला गेलं होतं.

काकू मात्र खुशीत होती. तिने भात दुप्पट टाकला. बिनसाखरेचा चहा करून कप दुसऱ्या खोलीच्या खिडकीत ठेवून आली.

"कोणाला गं?"

"असू दे गो," काकू म्हणाली, आणि डाळ निवडायला बसली.

थोड्या वेळाने आश्लेषा त्या खिडकीवरून गेली. कप धुऊन पालथा घातलेला होता. मधुवंतीबाई तसंच करायच्या. दुसऱ्याकडून उष्टा कप धुऊन घेणं त्यांना जिवावर यायचं. खोलीत कोणी नव्हतं. केसांना लावायच्या माक्याच्या तेलाचा वास तेवढा होता.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली तीही, पण ओळखीच्या माणसांची वाटते तेवढीच. ओटीवर आली तर काकू झोपाळ्यावर बसली होती, मधोमध नव्हे, एका कडेला. उरलेली फळी मोकळी होती. आश्लेषाने सहज तिच्यावर हात ठेवला. फळी ऊबदार होती.

त्याच दुपारी कुशलचा फोन आला. "आशू, मी आत्ता नेटवरून गिऱ्हाईक बनून दिवाळीची खोली मागून बघितली. सिस्टीम म्हणते घर भरलंय! हे तुझं काम? असंच असेल तर मी शनिवारी येऊन आईला इकडे नेतो."

आता थांबण्यात अर्थ नव्हता. "काकू, तारखा घालाव्या लागतील. नाहीतर दिवाळीला एकही माणूस येऊ शकणार नाही. मग कुशल तुला इथे ठेवेल का?"

काकूने झोपाळा पायाने थांबवला. "घाल," ती म्हणाली. "पण हळू घाल. एकदम हाकलल्यासारखं नको."

आश्लेषाने पहिली खोली घेतली. एकेका नावापुढे तारीख घातली. न्हाणीघरात बादली सरकल्याचा आवाज झाला. मग तो थांबला.

दुसरी खोली. तेलाचा वास विरत गेला.

तिसरी. चौथी. दाराच्या कड्या एकामागून एक वाजल्या. पायरीवर वाळू करकरली. काकू दारात उभी राहून हळू आवाजात म्हणत होती, "या हं. या हं. सावकाश जा."

आता एकच जुनं नाव उरलं, सगळ्यांत पहिलं.

झोपाळा अजून हलत होता. काकू दारात होती.

"काकू..."

"तेवढं राहू दे."

तात्यांनी स्वतःच्या नोंदीत खोली लिहिलीच नव्हती, ओटी असं लिहिलं होतं. ओटी काही भाड्याने जात नाही. आश्लेषाने लॅपटॉप मिटला आणि काकूच्या कुशीत जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

शनिवारी कुशल आला नाही. दिवाळीची एक खोली आपोआप नोंदली गेली, मग दुसरी, आणि संध्याकाळी त्याने फोनवर कबूल केलं, "जमलं बुवा तुला. राहू दे आईला तिथेच." ते ऐकून काकूने देवापुढे साखर ठेवली. आश्लेषा निघताना तिच्या पिशवीत आमसुलं, सुपारी, एवढा मोठा नारळ कोंबला आणि गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"येते गं काकू."

"ये हो. लवकर ये."

एसटी माणगाव मागे टाकून निघाली तेव्हा आश्लेषाने मोबाइलवर सिस्टीम उघडली. सगळं जागच्या जागी होतं. दोनच नावांपुढे हिरवी अक्षरं होती. तात्या, ओटी, मुक्काम चालू. आश्लेषा, माजघर, मुक्काम चालू. काकू तारीख घालायची विसरली, असं म्हणून तिला हसू आलं. आपणच घालावी म्हणून तिने नावावर बोट नेलं. पण काकूच्या घरातून आपणच आपल्याला गेलेलं लिहायचं, हे तिच्याने होईना. पनवेलला उतरल्यावर तिने फोन लावला.

"काकू, पोचले गं."

"कुठे पोचलीस?" काकू हसली. मागे झोपाळ्याच्या कड्या संथ कुरकुरत होत्या. "काय थट्टा करतेस गो! आत चूल पेटवून बसल्येस, आणि म्हणे पोचले. चहा टाक आता. ह्यांना तुझ्या हातचा हवाय."

आश्लेषा बोलायला गेली, पण तिच्या आधी कोणीतरी बोललं. फोनमधून, जरा लांबून, माजघरापलीकडून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"टाकते गं काकू. फोनवर कोण आहे?"