खारभूमी परिषद आणि रोह्याचा मंडपवाला

प्रतिक्षा रोह्याला गेली ती मंडप ठरवायला. गल्लीत एकजण शिडीवर चढून कापड बांधत होता. त्याने खाली न बघताच दोरीचं टोक तिच्या हातात सोडलं आणि म्हणाला, "धर घट्ट." दुसरी कुणी असती तर त्याला चार शब्द सुनावून गेली असती. ही बया पंधरा मिनिटं दोरी धरून उभी राहिली! तो उतरला, तिला पाहिलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कोन तुम्ही?" त्याच्या भुवईवर चुन्याचा एक ठिपका होता... तो पुसावा असं तिला वाटलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्याचं नाव निकेश. प्रतिक्षा पेणच्या एका संस्थेत कामाला. धरमतर खाडीच्या काठी, तिच्याच गावात, संस्थेची खारभूमी शेतकरी परिषद व्हायची होती आणि सगळा भार हिच्या डोक्यावर. पेणचे मंडपवाले नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आधीच ठरलेले, म्हणून रोह्याचा निकेश. मग रोज फोन. खुर्च्या किती, माईक किती. खुर्च्या ठरल्या, माईक ठरले, तरी फोन चालूच. मध्येच तो विचारायचा, जेवलात का? आणि ती जेवलेली असली तरी नाही म्हणायची, म्हणजे तो रागवेल. दोन महिने असे गेले. एकदा तिनेच विचारलं, परिषद झाल्यावर काय? मंडप सोडायचा नि जायचं, तो म्हणाला. त्या दिवशी तिला घास गेला नाही. खरंच की, परिषद संपल्यावर फोनला निमित्त काय उरणार? तिला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण आधी बोलायचं कुणी? आणि हा पठ्ठ्या तर खुर्च्यांच्या पलीकडे सरकत नव्हता.

परिषदेचा दिवस उजाडला आणि दृष्ट लागावी तशी एकेक गोष्ट बिघडत गेली. कोजागिरीला एवढा पाऊस कुणी पाहिलाय? पण पहाटेपासून कोसळत होता, वर खाडीवरून वारा. प्रमुख पाहुणे गडबजवळ ट्रॅफिकमध्ये अडकले. जेवणाचा टेम्पो भलत्याच गावी, जित्याला जाऊन पोचला. वीज गेली. समई तीनदा पेटवली, तीनदा विझली. मंडपाच्या कापडाला पाण्याची पोटं सुटली होती आणि निकेश बांबूने ती वर ढकलत फिरत होता, नखशिखांत भिजलेला. ती त्याच्याजवळ गेली.

"मला... एक बोलायचं होतं," तो म्हणाला.

"मग बोला की."

तिच्या केसांतून पाणी ओघळत होतं. तो बघत राहिला — बघतच राहिला.

"मंडप... सहाला सोडू ना?"

तोच बांबू त्याच्या टाळक्यात घालावा असं तिला वाटलं. सोडा, म्हणाली आणि वळली. डोळे भरले होते ते पावसात कुणाला कळले नाहीत.

बाराला, उधाणाची भरती टिपेला असताना, एक शास्त्रज्ञ खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या देखभालीवर बोलायला उभे राहिले. तेवढ्यात हाक आली, बांधाला खांड पडली! बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं. कापणीला आलेला भात जातो आणि पुढची तीन वर्षं जमीन काही देत नाही. बघता बघता दोनशे माणसं खुर्च्या उलथवून पळाली. शास्त्रज्ञ बिचारे बंद माईक धरून उभेच. प्रतिक्षाने त्यांना शाळेच्या वर्गात बसवलं, चहा सांगितला आणि ओढणी कमरेला बांधून तीही धावत सुटली.

गावची रीत अशी की खांड पडली की घरटी एक माणूस उतरलाच पाहिजे. म्हातारे दिनानाथ घरांची नावं पुकारतात आणि त्या घरचा माणूस 'हाय' म्हणतो. परका कितीही राबला तरी त्याला मोजण्यात धरत नाहीत. प्रतिक्षाचे वडील हिरामण गुडघ्यांनी अधू, भाऊ नाही, म्हणून दोन वर्षं हीच उतरायची.

"हिरामणचं घर," दिनानाथांनी पुकारलं.

ती तोंड उघडणार, एवढ्यात खाली कमरेइतक्या पाण्यातून आवाज आला.

"हाय."

निकेश होता तो. डोक्यावर चिखलाची पाटी. खांडीत रोवायला त्याने अख्ख्या मंडपाचे बांबू उपटून आणले होते.

"तू रोह्याचा ना रं?" दिनानाथ म्हणाले. "त्या घरचा तू कोन?"

सगळ्यांचे हात थांबले. निकेश नुसता तिच्याकडे बघत होता, थंडीने कुडकुडत, आणि दोन महिन्यांत जे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं ते सगळं त्या बघण्यात होतं. मागे काठी टेकून उभे असलेले हिरामण खोकले, पण नाही म्हणाले नाहीत. आता गप्प राहिले तर जन्मभर गप्पच राहीन, प्रतिक्षाला वाटलं.

"माझा हाय," ती म्हणाली. "धरा त्याला आमच्या घरात."

"बरं हाय गो पोरी," दिनानाथ म्हणाले आणि त्यांनी पुढचं घर पुकारलं.

रीतीप्रमाणे एका घरचा एकच माणूस पुरे होता. तरी प्रतिक्षाने चपला काढल्या आणि ती त्याच्या शेजारी पाण्यात उतरली.