रविवारचा मुलगा

मास्तरीणबाईंचा मुलगा दर रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला यायचा. फळं चिरून द्यायचा, चष्मा पुसायचा, सहाला निघायचा. शेजारच्या खाटेवरच्या ऑपरेटरबाई हे वर्षभर बघत होत्या. एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढलेली बाई. वृद्धाश्रमात आल्या तरी कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. त्यांचा स्वतःचा मुलगा आठ महिन्यांत फिरकला नव्हता. "कामात असतो," असं त्या लोकांना सांगायच्या आणि मनात त्याला चार शिव्या हासडायच्या.

एका मंगळवारी मास्तरीणबाई गेल्या. मेट्रनने त्यांच्या मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, आमची आई मी कॉलेजात असतानाच वारली. आणि भाऊ? मला भाऊ नाही.

"हात झटकायची नवी तऱ्हा," मेट्रन म्हणाली.

"मग रविवारी यायचा तो कोण?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"असेल कुणी भाचा-पुतण्या. तुम्ही कशाला डोक्याला त्रास करून घेता, बाई?"

त्या रविवारी चार वाजता तो आला. रिकाम्या खाटेकडे त्याने पाहिलंही नाही. खुर्ची ऑपरेटरबाईंजवळ ओढली.

"कशी आहेस, आई?"

"खाट चुकली तुमची. त्या गेल्या."

तो नुसता हसला. खिशातून नेलकटर काढलं, त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं आणि नखं कापू लागला. वर्षभरात त्यांना वाकून पायापर्यंत पोचता आलं नव्हतं. पाय ओढून घ्यायला हवा होता. त्यांनी घेतला नाही.

पुढच्या रविवारी त्याने उशी सरकवली. "उजव्या कुशीवर नको झोपूस. हेडफोनने तो कान कायमचा दुखावलाय तुझा."

हे त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. तो गेल्यावर त्यांनी मेट्रनकडून स्वतःची फाइल मागवून पानन् पान वाचलं. कानाबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

तिसऱ्या रविवारी त्याने विचारलं, "येत जाऊ ना गं, आई?"

आता उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही, हे त्यांना कळलं. आठ महिने डोळ्यांसमोर आले. मायेने नाही, कडवटपणाने त्या म्हणाल्या, "ये रे बाळा. तूच ये."

त्याने मान डोलावली. त्या उठल्या, भिंत धरत व्हरांड्यातल्या फोनपाशी गेल्या आणि मुलाचा नंबर फिरवला.

"हॅलो?" त्याचाच आवाज.

"अरे, मी आई."

"कोण हवंय आपल्याला?"

"चेष्टा पुरे."

"बाई, माझी आई मी सातवीत असताना गेली. काविळीने." आवाजात राग नव्हता. उलट थोडी कीवच होती. "नंबर चुकला असेल तुमचा."

खोटं बोलणारे आवाज त्यांनी जन्मभर ऐकले होते. हा खोटं बोलत नव्हता.

कावीळ झाली होती, खरंच. बावीस दिवस हॉस्पिटल. तेविसाव्या दिवशी आपण घरी आलो.

आलो होतो ना?

त्या खाटेपाशी परतल्या. त्याने चादर झटकून नीट घातली होती.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

त्याने त्यांची हनुवटी हलकेच खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि काळजीने म्हणाला, "आई, तुझे डोळे पिवळे दिसतायत."